काळ्या पाषाणाचे गोत्र

सन २०२४ च्या मार्च महिन्याच्या २१ तारखेस सकाळी सहा वाजून गेल्यावर थोड्याच वेळात हिंगोली जिल्ह्यातील घराघरांतून मांडणीवरची भांडी आपोआप वाजू लागली. चहाचे आधण चढले होते, कोणी देवपूजेच्या तयारीस लागले होते, मुले अजून अंथरुणातच होती. लोक अंगणात धावले आणि श्वास घेतात न घेतात तोच, दहा-बारा मिनिटांच्या अंतराने, पहिल्याहून सौम्य असा दुसरा धक्का बसला. पहिल्याची प्रत ४.५ होती, दुसऱ्याची ३.६. त्याच वर्षी जुलैच्या १० तारखेस पुन्हा ४.५ प्रतीचा धक्का बसला. वसमत, औंढा, कळमनुरी ह्या तालुक्यांतील काही गावांस, विशेषतः पांगरा शिंदे ह्या गावास, जमिनीच्या पोटातून येणारे गुरगुरणे आधीपासूनच परिचयाचे होते; परंतु परिचयाने भीती ओसरते असे नाही.

त्या सकाळी शेजारच्या एका वयोवृद्ध आजींनी आम्हांस दारातच गाठले. म्हणाल्या, “गुरुजी, तुम्हीच ना पोरांना शिकवीत होता, की आपला सारा मुलूख ज्वालामुखीच्या रसाचा झाला आहे म्हणून? मग खालचा विस्तव पुन्हा पेटला तर नाही?” प्रश्न ऐकून घरातील तरुण मंडळी हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण आजींनी चुकीचे काहीच म्हटले नव्हते. ज्या उंबऱ्यावर त्या उभ्या होत्या तो उंबरा, आमच्या घराचे जोते, स्वयंपाकघरातील पाटा-वरवंटा, अडगळीत पडलेले जाते, आणि पंचक्रोशीची शोभा असलेले औंढ्याचे नागनाथाचे हेमाडपंती देवालय, हे सर्व ज्या काळ्या दगडाचे आहे तो दगड एके काळी वितळलेला होता, हे आम्ही आयुष्यभर फळ्यावर लिहीत आलो. मग तो विस्तव विझला हे कशावरून? आम्ही त्यांस “तसे काही नाही हो, आजी” एवढेच म्हणून वाटेस लावले. उत्तर खरे होते, पण ते आम्हांस ठाऊक होते म्हणून नव्हे. धीर द्यावा म्हणून दिले होते. शिक्षकाने असे उत्तर दिले की त्याचे त्यालाच खटकते. पुढे सवडीने ह्या विषयाचे जे वाचन झाले त्यातून हा लेख उतरला आहे.

ह्या वाचनात पहिली गोष्ट कळली ती ही की, काळा दगड तेवढा एक नव्हे. आपण दोन अनोळखी माणसे शेजारी बसवली तर रूपावरून त्यांचे कूळ ओळखता येत नाही. गोत्र, प्रवर, मूळ गाव विचारावे लागते. दगडाचेही तसेच आहे. एक बेसाल्ट हिंगोलीचा आणि दुसरा समुद्राखालील ज्वालामुखीचा, असे दोन तुकडे हातात घेतले तर दोन्ही काळे, दोन्ही जड, दोन्ही बारीक कणांचे. भिंगातून पाहिले तरी सामान्य माणसास फरक कळावयाचा नाही. परंतु रसायनशाळेत त्यांचे पृथक्करण केले म्हणजे त्यांची जन्मकथा अशी काही वेगळी निघते की आश्चर्य वाटावे. आणि ह्या वेगळेपणाचे मुख्य कारण, पृथ्वीच्या कवचाचा एक भाग दुसऱ्या भागाखाली बुडणे हे होय.

हे कोठे पाहावयास मिळते म्हणून विचाराल तर फार दूर जावयास नको. अंदमान म्हटले की आपल्या घरांत सावरकर बंधूंचे आणि काळ्या पाण्याचे स्मरण होते. त्याच अंदमानात, ज्या शहरास २०२४ पर्यंत पोर्ट ब्लेअर म्हणत व आता श्रीविजयपुरम् म्हणतात तेथून ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरवर, बॅरन नावाचे एक ओसाड बेट आहे. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी तो हाच. समुद्रावर त्याचा माथा साडेतीनशे मीटरच दिसतो, म्हणजे एखाद्या किल्ल्याची टेकडीच म्हणा ना. परंतु त्याचा पायथा सुमारे २,२०० मीटर खोल पाण्यात आहे. सबंध डोंगर पाण्याबाहेर काढून ठेवला तर आपले कळसूबाईचे शिखर त्याच्यापुढे बरेच ठेंगणे ठरेल. म्हणजे ज्यास आपण बेट म्हणतो तो वस्तुतः एका समुद्राखालील ज्वालामुखीचा शेंडा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८३२ पर्यंत तो अधूनमधून धुमसत होता. नंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ स्वस्थ निजला, आणि १९९१ साली जागा झाला तो अद्याप पुरता निजलेला नाही.

सन २०१७ च्या जानेवारीत गोव्याच्या दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ‘सिंधू संकल्प’ हे जहाज ह्या बेटाजवळ समुद्रतळाचे नमुने काढीत होते. पथकाचे प्रमुख श्री. अभय मुधोळकर हे होते. २३ तारखेस दुपारी ज्वालामुखी एकाएकी राख ओकू लागला. जहाज मैलभर मागे घेऊन मंडळी पाहत राहिली. पाच-दहा मिनिटे राखेचा उमाळा यावा, मग थांबावा, पुन्हा यावा, असा क्रम चालला होता. दिवसा नुसती राखच दिसे. सूर्यास्त झाल्यावर मुखातून उसळणारी लाल कारंजी आणि उतारावरून ओघळणारा रस दिसू लागला. पुढे २६ जानेवारीस श्री. नागेंद्र नाथ ह्यांच्या नेतृत्वाखालील दुसऱ्या पथकानेही तेच दृश्य पाहिले. आसपासचा गाळ व पाणी ह्यांचे नमुने घेतले, त्यांत कोळशासारखे काळे असे ज्वालामुखीचे ताजे तुकडे सापडले. ज्या संस्थेची स्थापना १ जानेवारी १९६६ ला झाली तिच्या लोकांनी अंदमानच्या समुद्रात पाण्याखाली पूर्णपणे बुडालेले ज्वालामुखीही शोधून काढले आहेत. लोखंडी तोंडाची जाळी दोराने समुद्रतळावरून ओढावयाची, वर आलेले दगड धुवावयाचे, फोडावयाचे, दळावयाचे आणि त्यांचे एकेक मूलद्रव्य मोजावयाचे, असे हे चिकाटीचे काम आहे.

आता हा ज्वालामुखी तेथेच का, ते पाहू. पृथ्वीचे कवच अखंड नसून लहानमोठ्या पट्टांचे बनलेले आहे, हे हल्लीच्या शाळकरी मुलांसही ठाऊक असते. ज्या पट्टावर आपण आहो त्याच्या पूर्वेकडील भागावर बंगालचा उपसागर पसरलेला आहे, आणि ह्या भागाचा पूर्व काठ अंदमान–निकोबारच्या पश्चिमेस एका खोल खंदकापाशी शेजारच्या पट्टाखाली तिरपा बुडत आहे. वेग म्हणावा तर वर्षाला दोन-तीन बोटे. कधी तो मध्येच अडकून बसतो आणि मग शतकांची खोळंबलेली हालचाल काही मिनिटांत उरकून घेतो. २६ डिसेंबर २००४ ची ती भयंकर सागरी लाट अशाच एका उरकण्याची होती. ह्याच बुडण्याच्या रेषेने पुढे दक्षिणेस गेले की सुमात्रा, क्राकाटोआ, जावा ही ज्वालामुखींची माळ लागते.

बुडणारा पट्ट काही कोरडा नसतो. कोट्यवधी वर्षे समुद्राखाली पडून राहिल्याने त्याच्या भेगांतून पाणी मुरलेले असते; पाण्याशी संयोग होऊन त्यातील खनिजेच बदललेली असतात. वर गाळाचे थर असतात ते निराळेच. असा हा ओला पट्ट सुमारे १०० किलोमीटर खोल गेला म्हणजे उष्णतेने व दाबाने त्यातील खनिजे मोडतात आणि कोंडलेले पाणी वरच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, शिरते. येथेच लोकांची एक समजूत चुकते. त्यांस वाटते की, पट्ट खाली गेला, तापला, वितळला, आणि तोच ज्वालामुखीतून वर आला. तसे सामान्यतः होत नाही. पट्ट स्वतः फारसा वितळत नाही. तो पाणी सोडतो, आणि ते पाणी वरच्या खडकास वितळवते.

पाण्याने खडक कसा वितळेल? घरी आइस्क्रीमचे भांडे फिरवावयाचे असते तेव्हा भोवतीच्या बर्फात आपण जाडे मीठ घालतो. मीठ बर्फास ऊब देत नाही. तथापि ते पडताच, ज्या थंडीत बर्फ घट्ट राहावयाचे त्याच थंडीत ते पाझरू लागते. मीठ बर्फाचा वितळण्याचा बिंदू खाली आणते. तद्वत् पाणी खडकाचा वितळण्याचा बिंदू शेकडो अंशांनी खाली आणते. उष्णता तेथे आधीपासूनच असते, पण कोरडा खडक तिला दाद देत नाही; पाणी शिरले की तोच पाझरू लागतो.

आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्या माणसास येथे वडवानलाची आठवण व्हावी हे साहजिक आहे. और्व ऋषींचा कोपाग्नी समुद्रात टाकला, तो घोडीच्या मुखाने पाणी पीत तळाशी जळत राहिला, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. पाण्यावर जगणारा अग्नी! कल्पना मोठी रमणीय आहे. परंतु आमच्या पूर्वजांस हे शास्त्र अवगत होते असे छातीठोकपणे सांगण्याचा जो प्रघात पडला आहे तो आम्हांस मान्य नाही. काव्याला काव्याचा मान द्यावा. त्यास प्रयोगशाळेचा दाखला जोडू नये.

असो. खरी गंमत पुढे आहे. पाणी वर जाते ते एकटे जात नाही. आपण सर्दी-पडशास सुंठ, तुळस, मिरी, गवती चहा घालून काढा करतो. उकळले म्हणजे काही गुण पाण्यात उतरतात आणि काही चोथ्यातच राहतात. बुडत्या पट्टाच्या ह्या काढ्यात बेरियम, स्ट्रॉन्शियम, शिसे, पोटॅशियम, रुबिडियम, युरेनियम, बोरॉन ही द्रव्ये सहज उतरतात. उलट नायोबियम, टँटलम आणि टायटॅनियम ही तीन मोठी हट्टी. ती पट्टातील रुटाइलासारख्या खनिजांस घट्ट धरून बसतात व चोथ्याबरोबर खाली निघून जातात. परिणाम असा की, अशा ज्वालामुखीच्या दगडात पहिल्या यादीतील द्रव्ये प्रमाणाबाहेर भरलेली आणि दुसऱ्या यादीतील द्रव्ये लक्षात येण्याइतकी कमी, अशी जोडखूण उमटते. ह्यांतील बहुतेक द्रव्ये दहा लाख भागांत काही भाग इतकीच असतात. तरी चिमूटभर हिंगाने सबंध आमटीची ओळख पटते तशी ह्यांनी दगडाची ओळख पटते.

आणि पाणी स्वतः? मध्यमहासागरात जेथे दोन पट्ट एकमेकांपासून दूर सरकतात व मधल्या फटीतून नवा समुद्रतळ तयार होतो, तेथील बेसाल्टाच्या रसात पाणी शेकडा ०.१ ते ०.५ इतकेच असते. बुडत्या पट्टावरील ज्वालामुखींच्या रसात ते शेकडा २ पासून ६ पर्यंत भरते. हे मोजावयास समुद्राखालचे दगड जमिनीवरच्या दगडांहून अधिक विश्वासू साक्षीदार असतात. जमिनीवर रस आला की सोड्याची बाटली उघडल्याप्रमाणे त्यातील पाणी वाफ होऊन निघून जाते. खोल समुद्रात वरच्या पाण्याचा दाब बुचाचे काम करतो. रस थंड पाण्यात पडताच गिरद्या-उशांसारखे त्याचे गोळे होतात आणि बाहेरची साल क्षणात गोठून काच बनते. त्या काचेत पाणी, गंधक, क्लोरीन हे सर्व जसेच्या तसे कोंडून राहते.

बुडत्या पट्टाचा हा प्रभाव किती दूरवर पोहोचतो, हेही समुद्रतळावरच चांगले कळते. अंदमानच्या समुद्रात, ज्वालामुखींच्या रांगेच्या मागे, पूर्वेस, समुद्रतळ सुमारे ४० लक्ष वर्षांपासून ताणला जाऊन फाकत आहे. तेथील दगडांत मध्यमहासागरी दगडाचे गुण मुख्य, पण बुडत्या पट्टाच्या काढ्याचा थोडाबहुत वासही लागलेला, असा संकर आढळतो. पॅसिफिक महासागरात टोंगा बेटांच्या पश्चिमेस लाऊ नावाचे एक सागरी खोरे आहे. तेथे फाकणारी रांग दक्षिण टोकास ज्वालामुखींपासून केवळ चाळीसएक किलोमीटरवर आहे आणि उत्तरेकडे ते अंतर वाढत शंभराच्या घरात जाते. दक्षिणेकडचे दगड ओले, बेरियम–शिशाने संपन्न. उत्तरेस जावे तसतसे ते कोरडे व साधे होत जातात. स्वयंपाकघराच्या लगतच्या खोलीत फोडणीचा खकाणा भरावा आणि माजघरापलीकडे त्याचा मागमूस नसावा, तसेच हे.

कोणी शंकेखोर म्हणेल की, खाली जाणाऱ्या पट्टाचेच द्रव्य वर येते ह्यास पुरावा काय? आम्हांसही ती शंका आली होती, आणि तिचे जे उत्तर मिळाले त्याइतके समाधान आम्हांस ह्या वाचनात दुसऱ्या कशाने झाले नाही. आकाशातून येणारे विश्वकिरण वरच्या हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन ह्यांच्या अणूंवर आदळून बेरिलियम–१० नावाचे एक किरणोत्सर्गी द्रव्य अत्यल्प प्रमाणात घडवतात. ते पावसाबरोबर समुद्रात उतरते व तळाच्या गाळात साठते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १४ लक्ष वर्षांचे. म्हणजे दीड कोटी वर्षांत ते जवळजवळ नामशेष होते. पृथ्वीच्या पोटातील खडक अब्जावधी वर्षांचे, तेव्हा तेथे हे द्रव्य असण्याचे काही कारण नाही. असे असता सन १९८२ मध्ये वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेतील लुई ब्राऊन, फुआद तेरा व त्यांचे सहकारी ह्यांनी, पट्ट बुडतात अशा ठिकाणच्या काही ज्वालामुखींच्या ताज्या दगडांत हेच द्रव्य मोजून दाखविले. इतर प्रकारच्या ज्वालामुखींत ते सापडले नाही. जे पावसात होते ते समुद्राच्या चिखलात गेले, चिखलाबरोबर १०० किलोमीटर खाली गेले, आणि काही लक्ष वर्षांत अग्निरसाबरोबर पुन्हा आकाशाखाली आले! न्यायालयात ह्याहून चांगली साक्ष कोणी दिली असेल असे आम्हांस वाटत नाही.

चिखलाची गोष्ट निघाली आहे तेव्हा आमच्या गावचा एक संबंध सांगण्याचा मोह आवरत नाही. पावसाळ्यात हिंगोलीची कयाधू तांबूस-काळी होऊन वाहते. ते पाणी म्हणजे आमच्या शेतांची काळी माती, आणि काळी माती म्हणजे कुजलेला काळा पाषाण. कयाधू पैनगंगेस मिळते, पैनगंगा वर्धेस, वर्धा वैनगंगेशी मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. त्या उपसागराच्या तळावरील गाळ बहुतांश हिमालयाचा, गंगा–ब्रह्मपुत्रांनी आणलेला. आमच्या कयाधूचा वाटा त्यात चिमूटभरही नसेल. शिवाय खंदकापाशी पोहोचलेल्या गाळापैकी पुष्कळसा वरच्या पट्टाच्या काठाने खरवडला जाऊन तेथेच ढीग होतो. अंदमानची बेटे काही अंशी अशा ढिगाऱ्याचीच झाली आहेत. तरीपण, कोट्यवधी वर्षांच्या हिशोबात, औंढ्याच्या माळावरून वाहून गेलेला एखादा कण खंदकात उतरून एखाद्या भावी बॅरनच्या रसात मिसळणार नाही असे कोणी सांगावे? अस्थी गंगेत सोडतात. ही माती आपण होऊन त्याहून पुढे जाते.

आता आमच्या दगडाच्या कुळाकडे वळू. दख्खनचा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी, बहुतांशी दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळात, थरावर थर ओतला गेला. आजही तो सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर भूमीवर आहे. तेथे कोणताही पट्ट बुडत नव्हता. प्रावरणाच्या खोलीतून वर आलेल्या अतितप्त खडकाचा तो उमाळा होता, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. हा रस उष्णतेच्या बळावर आणि दाब कमी झाल्याने वितळला. त्यास पाण्याच्या मध्यस्थीची गरज पडली नाही. त्यामुळे काढ्याची जोडखूण त्यात नाही. टायटॅनियमचे ऑक्साइड बॅरनच्या दगडात शेकड्यास सुमारे एक किंवा त्याहून कमी, तर दख्खनच्या पाषाणात सामान्यतः दोन ते तीन. नायोबियमचीही तीच तऱ्हा. थोडक्यात, बॅरनचा दगड पाण्याच्या पोटचा आणि आमचा कोरड्या उष्णतेच्या.

परंतु गोत्र सांगणाऱ्याची उलटतपासणी घ्यावी लागते, तशी दगडाचीही घ्यावी लागते. सह्याद्रीच्या पाषाणथरांस रसायनशास्त्रज्ञांनी आपल्याच गावांची व घाटांची नावे दिली आहेत: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. ही नावे परदेशांतील ग्रंथांत वाचताना आम्हांस मोठी मौज वाटली. ह्यांपैकी बुशे थराचे पृथक्करण पाहिले तर बेरियम व शिसे चढलेले, टायटॅनियम उतरलेले, आणि नवशिक्यास वाटावे की हा अंदमानचाच भाऊबंद! खरा प्रकार निराळा आहे. वर येताना हा रस जुन्या ग्रॅनाइटासारख्या भूखंडीय खडकांत मुरत राहिला आणि त्यांचे द्रव्य त्याने पोटात घेतले. नांदेड जिल्ह्यात देगलूर–बिलोलीकडे गेले की काळ्या दगडाचे पांघरूण संपून हे जुने ग्रॅनाइट उघडे दिसते. दख्खनखाली असेच प्राचीन खडक अंथरलेले आहेत. बुशेची लबाडी स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांनी उघडी पाडली. ८७ आणि ८६ ह्या दोन अणुभारांच्या स्ट्रॉन्शियमचे गुणोत्तर आंबेनळीच्या स्वच्छ थरात ०.७०४ च्या आसपास, तर बुशेत ०.७१३ च्याही वर. आणि इतके चढे गुणोत्तर जुन्या भूखंडीय खडकाच्या संसर्गावाचून येत नाही. संगतीने आलेला गुण आणि रक्तातून आलेला गुण ह्यांत फरक करावा लागतो तो असा.

येथपर्यंत सर्व सरळ होते. पण आम्ही वर जे ठामपणे म्हटले, की आमच्या दगडाचा आणि बुडत्या पट्टाचा काही संबंध नाही, ते आता थोडे मागे घ्यावे लागते. वर सांगितलेल्या त्याच १९८२ साली अल्ब्रेक्ट हॉफमन व विल्यम व्हाइट ह्यांनी असे मांडले की, पाणी सोडून कोरडा झालेला पट्ट खाली जातो तो नाहीसा होत नाही. तो प्रावरणाच्या तळाशी साचत राहतो, अब्जावधी वर्षे तेथे तापतो आणि कधीतरी तप्त उमाळ्याबरोबर पुन्हा वर येतो. काढा केव्हाच उपसला गेलेला असल्याने त्या चोथ्यात नायोबियम, टँटलम व टायटॅनियम ही हट्टी मंडळी साठलेली असतात. आणि अशा उमाळ्यांच्या दगडांत नेमकी तीच द्रव्ये विपुल आढळतात. हे खरे धरले तर एका ज्वालामुखीच्या वाट्यास काढा आला व दुसऱ्याच्या वाट्यास चोथा, एवढेच. दोघांचा मूळपुरुष एकच, कोणत्या तरी नामशेष महासागराचा तळ. दख्खनच्या उमाळ्यात असा जुना पट्ट किती होता, होता की नव्हता, ह्यावर पंडितांचे एकमत नाही. आम्हांस ही उपपत्ती पटते. मात्र पटणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे, हेही आम्ही जाणतो.

मग तो उमाळा आज कोठे आहे? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण आजींचे उत्तर त्यातच आहे. आपला पट्ट त्या उमाळ्यावरून उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे समुद्रात ज्वालामुखींची ओळ उमटत गेली: लक्षद्वीप व मालदीव ज्यांवर उभी आहेत त्या बुडालेल्या डोंगररांगा, चागोस, पुढे मॉरिशस. आज तो उमाळा आफ्रिकेच्या बाजूस रेयुनियन बेटाखाली आहे, आणि तेथील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अद्याप वारंवार रस ओततो. आमच्या पाट्या-वरवंट्याचा विस्तव विझला नाही, पण तो हजारो किलोमीटर मागे राहिला. हिंगोलीखाली ना तो उमाळा आहे, ना बुडता पट्ट.

मग धक्के कशाचे? आपला पट्ट अजून उत्तरेस रेटतो आहे आणि हिमालयापाशी अडतो आहे. त्या रेट्याचा ताण सबंध द्वीपकल्पात पसरतो व काळ्या दगडाखालच्या प्राचीन खडकांत जेथे जुन्या भेगा असतील तेथे अधूनमधून मोकळा होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस जे घडले ते असेच. तेथे पुढे खोल विंधन घेतले तेव्हा काळा पाषाण ३३८ मीटरवर संपला आणि खाली ग्रॅनाइटासारखे जुने खडक लागले. विस्तवाचा मागमूस नव्हता. सुमारे दहा हजार माणसे गेली ती ज्वालामुखीने नव्हे, तर मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावरची जड धाबी कोसळून. औंढ्याच्या परिसरात गुरुत्वतरंग टिपणारी लायगोची वेधशाळा उभारण्याचे जे ठरले ते इकडची भूमी त्यातल्या त्यात शांत म्हणूनच. परंतु शांत म्हणजे निश्चल नव्हे, हे २०२४ ने दाखविलेच.

हे सर्व जमेल तितके सोपे करून आम्ही आजींना एके दुपारी सांगितले. वडवानलाची कथा त्यांस आमच्याहून अधिक तपशिलाने येत होती, ती त्यांनी मध्येच पुरी करून दाखविली. कयाधूची माती अंदमानात जाते म्हणताच त्यांनी हात जोडले. किल्लारीचा उल्लेख निघाला तेव्हा मात्र त्या गप्प झाल्या, वर माळ्याकडे पाहिले, आणि संध्याकाळपर्यंत नातवाकडून वरचे जुने जाते, दोन पाटे व पितळेचा बंब खाली उतरवून घेतला.